गप्प बसलेलं कार्ड

३ मार्च

आज सर्व्हरने पुन्हा मान टाकली. आप्पा काचेपलीकडे वाचत होते, मौनीबाबा हेडफोन चढवून बसला होता, आणि इकडे माझ्या पडद्यावर सगळं गोठलं. मशीन बंद करून चालू केलं तेव्हा कुठे हललं. कालचा भाग शाबूत आहे. 

लिहून काढलं की डोकं जागेवर येतं असं नवरा म्हणतो. खरं कारण असं की मग त्याला तेच तेच ऐकावं लागत नाही. असो, लिहिते. आमचं हे ध्वनिग्रंथालय म्हणजे दोन खोल्या. एकीत दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून घेतली जातात, दुसरीत मी आणि माझी मशीनं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे मौनीबाबा म्हणतात, कारण तो दिवसभर बाकीच्यांना गप्प करत असतो. खुर्ची करकरली तरी कपाळाला आठी. आणि इथला सगळ्यात लाडका आवाज म्हणजे आप्पा, माझे वडील.

आप्पांच्या घशात गाठ आहे. महिनाअखेरीला स्वरयंत्र काढणार. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की त्यानंतर हा आवाज नाही. आप्पा म्हणाले, हातातली कादंबरी अर्धी झालीय, ती संपवतो आणि मग काय ते कापा. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची गोष्ट आहे, उशीएवढी जाड. म्हणजे या महिन्यात जे रेकॉर्ड होईल ते शेवटचं. आणि ते माझ्या या मान टाकणाऱ्या मशीनवर साठतंय.

४ मार्च

धाकट्याला फोन केला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. परगावी असतो, संगणकातच नोकरी. त्यामुळे त्याच्या मते मी संगणकाला हात लावते तो सुद्धा चुकीच्या बाजूने.

त्याचं म्हणणं पडलं की आता रेड करायलाच हवं. रेड म्हणजे चार डिस्का एकत्र बांधायच्या. त्या एकमेकींचं सामान ध्यानात ठेवतात. एक मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगतात. दोघी मेल्या की संपलं. आता ही जमवाजमव करणार कोण, हा प्रश्न. एक तर वेगळं कार्ड घ्यायचं, त्यावर स्वतःचं डोकं, स्वतःची मेमरी, वीज गेली तर हातातलं काम धरून ठेवायला बॅटरी. नाहीतर कार्ड नकोच, संगणकातल्या सॉफ्टवेअरलाच ते काम सांगायचं.

धाकटा सॉफ्टवेअरच्या बाजूचा. म्हणतो, ताई, कार्ड मेलं तर हुबेहूब तसलंच कार्ड शोधत दारोदार फिरशील. सॉफ्टवेअर असेल तर डिस्का उचल आणि कुठल्याही मशीनला लाव. वर हेही म्हणाला की काहीही घे, रेड म्हणजे बॅकअप नव्हे, दुसरी प्रत वेगळीकडे ठेव. ठेवीन म्हटलं. उंटावरचा शहाणा. याला काय माहीत इथे किती गडबड आहे.

७ मार्च

दुकानदार कार्डाच्या बाजूचा. साहजिक आहे, त्याला कार्ड विकायचंय. पण माणूस वाईट नाही. पसंत नाही पडलं तर परत आणा म्हणाला. चार डिस्काही दिल्या, एकाच खोक्यातल्या, नंबरसुद्धा ओळीने. "चौघी सख्ख्या बहिणी आहेत," म्हणाला. धाकट्याला कौतुकाने सांगितलं तर तो वेगवेगळ्या खोक्यांतल्या घे म्हणाला. एका माळेचे मणी एकदमच ओघळतात म्हणे. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची याची सवय लहानपणापासूनची.

मी ठरवलंय की दोन्ही करून बघायचं. नव्या मशीनमध्ये कार्ड. आणि कोपऱ्यातला जुना करडा संगणक, ज्याला आम्ही म्हातारा म्हणतो, त्याच्यात पडीक डिस्का घालून सॉफ्टवेअरचं रेड. आप्पांच्या आवाजाचा प्रश्न आहे, ऐकीव गोष्टीवर मी भरवसा ठेवणार नाही.

९ मार्च

कार्ड वेगवान आहे, यात वाद नाही. आप्पांचा आठवड्याभराचा आवाज चहा गाळेपर्यंत चढवला. तेच काम म्हाताऱ्याला दिलं तर तो धापा टाकत बसला. तेवढ्यात मी एक चित्र उघडायला सांगितलं तर त्याला घामच फुटला. डिस्कांचा हिशेब ठेवायचा आणि वर माझी कामंही करायची, एवढं त्याच्या कुवतीत नाही.

आप्पा मधल्या सुट्टीत दारात येऊन उभे राहिले. आत येऊन बस ना थोडा वेळ, आजचं प्रकरण झकास आहे, म्हणाले. आवाज दुपारनंतर फाटतोय त्यांचा, गोळ्या चघळून चघळून ओढतात. म्हटलं, आप्पा, हे जुळवलं नाही तर तुम्ही वाचलेलं राहणार कुठे? रेकॉर्ड होतंयच, सावकाश ऐकेन. ते बरं म्हणून गेले.

१२ मार्च

आजचा दिवस कुणाला सांगायची सोय नाही.

वेग झाला, आता भरवसा बघायचा होता. त्यासाठी एक डिस्क चालू मशीनमधून ओढून काढायची आणि पुढे काय होतं ते बघायचं. काढली. आणि कार्डाने असा काही भोंगा काढला की माझं काळीज तोंडात आलं. एवढंसं कार्ड, पण किंचाळी अशी की भिंत भेदून पलीकडे गेली. मौनीबाबा माईक तसाच चालू टाकून धावत आला. प्रकरणाचं शेवटचं पान चालू होतं, आप्पांचा तासभराचा आवाज फुकट गेला. तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्याचं चुकलं नाही.

पडद्यावर दोन पर्याय होते. एक 'सध्यापुरता गप्प', दुसरा 'भोंगा बंद'. मौनीबाबा डोक्यावर उभा. मी बंदवर टिचकी मारली. केवढी शांतता झाली. मग डिस्क परत बसवली आणि कार्डाने आपलं आपण सगळं भरून घेतलं, मला काही करावं लागलं नाही.

आप्पांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं, न कुरकुरता. फुकट गेलेला भाग मौनीबाबा पुसणार होता, मी मागून घेतला. म्हाताऱ्यावर चाचणीसाठी काहीतरी मोठं ओझं टाकायचंच होतं. 'खराब' असं नाव देऊन तोच भाग पुन्हा पुन्हा चढवला, डिस्का काठोकाठ भरेपर्यंत. भरल्यावर तिथेही एक डिस्क काढून बघितली. म्हाताऱ्याने आवाज नाही की काही नाही, कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि काम चालू ठेवलं. डिस्क परत लावल्यावर मात्र घरी जायची वेळ झाली तरी तो भरतच होता.

१३ मार्च

निकाल लागला: कार्ड. धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला ठीक आहे, पण काही बिघडलं तर तुला मेल येईल एवढं बसवून घे. करते म्हटलं. आप्पांची चौदा प्रकरणं राहिलीत आणि याला मेल सुचतायत.

१६ मार्च

मौनीबाबाची नवी तक्रार, सर्व्हरचे पंखे घोंघावतात. सुतार बोलावला. त्याने एक लाकडी कपाट करून दिलं, आतून जाड स्पंज, दार घट्ट. सर्व्हर आत ठेवला, दार लावलं, आणि खरोखर पंख्याचा आवाज गेला. मौनीबाबा महिन्यातून पहिल्यांदा हसला. फक्त दार उघडं ठेवू नकोस म्हणाला. दिवसअखेरी तो आपला रेकॉर्डर पुसून कोरा करतो, सर्व्हरवर गेलं की इथे ठेवायचं नाही हा त्याचा नेम आहे. मला ते आवडतं. स्वच्छ काम.

२६ मार्च

कादंबरी संपली. शेवटच्या आठवड्यात आप्पा एक परिच्छेद वाचायचे, पाणी प्यायचे, मग पुढचा. पण संपवली. काचेतून त्यांनी मला हात केला आणि पुस्तक मिटून डोक्याला लावलं. मी त्या वेळी वायरी बांधत होते, तरी बघितलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आता ऐकशील ना?"

"ऐकणार म्हणजे काय. सगळं नीट ठेवलंय, आप्पा. एक डिस्क मेली तरी केसालाही धक्का लागणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हुशार आहेस." मला बरं वाटलं.

३१ मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर समाधानी आहेत. आप्पांनी डोळे उघडले, काहीतरी म्हणायला ओठ हलवले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. आई आत बसून राहिली.

२० एप्रिल

आप्पा घरी आलेत. पाटी आणि खडू घेतलाय. अक्षर त्यांचं पहिल्यापासून कोंबड्याच्या पायांचं, त्यामुळे आईला अर्धं वाचता येत नाही आणि ती भलतंच काहीतरी करून आणते. काल त्यांनी 'चष्मा' लिहिलं, तिने चमचा आणून दिला. दोघंही हसली. आप्पांचं हसणं आता नुसतं खांद्यांत दिसतं.

कादंबरीची काटछाट करून श्रोत्यांना पाठवायचं काम राहिलंय, पण घाई नाही. कार्ड फार गुणी निघालं. कपाटात बसवल्यापासून हूं नाही की चूं नाही. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

६ मे

फाइली उघडायला हल्ली वेळ लागतो. आज तर एक प्रकरण उघडेस्तोवर मी दोन फोन करून घेतले. उन्हाळा आहे, म्हाताऱ्यापासून सगळेच दमलेत. कपाट हाताला गरम लागलं. मौनीबाबाकडे नवीन बाई वाचायला बसलीय, दार उघडायची सोय नाही. तिचं पुस्तक संपलं की बघते.

आप्पांनी पाटीवर कान काढला आणि पुढे प्रश्नचिन्ह. ऐकलंस का, असं विचारत होते. म्हटलं, या आठवड्यात बसतेच.

१९ मे

सर्व्हर उघडत नाही. दोन डिस्का मेल्या.

२० मे

काल एवढंच लिहवलं. 

काल कपाटाचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. एका डिस्कचा दिवा लाल, दुसरीचा विझलेला. चौघींपैकी दोन. दोन मेल्या की संपलं, हे मीच इथे लिहून ठेवलंय. दुकानदाराने एका डिस्का दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला, तिथे मांडीवर पिशवी घेऊन बसले. नवरा सोबत आला.  दुसरी प्रत कुठे आहे, असं त्या माणसाने पहिल्यांदा विचारलं. मी ठेवणार होते. मी खरंच ठेवणार होते.

२३ मे

दुरुस्तीवाल्याचा फोन आला. नाही म्हणाला. दुसऱ्या डिस्कच्या आतली तबकडी खरवडली गेलीय. आणि पहिली तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच मेली होती, कार्डाने तशी नोंद ठेवलीय. त्या दिवसापासून तुमचा भोंगा सारखा वाजत असेल, तुम्ही कुणी ऐकला कसा नाही, असं त्याने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं.

मी फोन ठेवला आणि मौनीबाबाला सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि हेडफोन हातात फिरवायला लागला. कार्डाने चाचणीच्या दिवशीच मला दाखवलं होतं की काही बिघडलं की ते कसं ओरडतं. मी त्याचं तोंड कायमचं बांधलं, वर स्पंजाच्या कपाटात कोंडलं, आणि ते गुणी आहे म्हणून इथे कौतुक लिहीत बसले. आधीची पुस्तकं मागेच श्रोत्यांपर्यंत गेलीत, ती कुणाकुणाकडून गोळा होतील. ही कादंबरी अजून कुठेच गेली नव्हती. ती गेली.

आप्पांना सांगायचंय. आज नाही.

२६ मे

आजही नाही. आप्पांकडे जायचं टाळते. आईला कामाचं कारण सांगितलं. भाजी चिरताना, फोन वाजला की, सारखं वाटतं तेच विचारतील. ते कुठून विचारणार, फोनवर तर बोलूच शकत नाहीत. हेही मग लक्षात येतं.

धाकटा आलाय. मी तयारीत होते, पण तो एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. त्याने तसं म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. आमच्या खोलीत येऊन त्याने जुळवाजुळव करायला घेतली. या खेपेला सॉफ्टवेअर, डिस्का दोन वेगळ्या दुकानांतल्या, आणि दुसरी प्रत त्याच्या घरी. म्हाताऱ्यातल्या डिस्का काढू का म्हणाला. काढ म्हटलं, त्यावर नुसता कचरा आहे, एकच बिघडलेला भाग शंभर वेळा.

"बिघडलेला कुणाचा?" मौनीबाबाने दारातून विचारलं.

२७ मे

काखेत कळसा म्हणतात ते हेच. म्हातारा चालू झाला, कुरकुरला, आणि सगळं जसंच्या तसं पुढे ठेवलं. मौनीबाबाने तो 'खराब' भाग आधी एकट्याने ऐकला. मग आला आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

स्वयंपाक्याच्या जहाजावर वादळ येतं, ते प्रकरण. किती छान वाचलंय. आप्पा त्या स्वयंपाक्याला थोडं नाकात बोलायला लावतात, मला माहीतच नव्हतं. आणि ऐन वादळात माझा भोंगा. मौनीबाबाची खुर्ची सरकते, दार आपटतं. पुढे माझ्या कल्पनेप्रमाणे काही नव्हतं. पण माईक चालूच होता, आणि आप्पा आत एकटे बसले होते. भोंगा वाजत होता आणि ते स्वतःशी बोलत होते. ऐकून ऐकून पाठ झालंय, तसंच उतरवते.

"वाजतंय की. बघा रे कुणीतरी... घाबरली असेल चिमी. लहानपणी दूध उतू गेलं तरी कॉटखाली जाऊन बसायची. अगं, वाजतंय तोवर बरं असतं. माझा घसा वर्षभर सांगत होता, मी त्याला गोळ्या चारून गप्प बसवलं." मग खोकला. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज. भोंगा थांबतो. "झालं बंद. बरं झालं. तेवढा चहा मिळाला तर बघा आता. चहा टाकतेस का गं?" आणि मग ते गुणगुणतात, काचेमागे कुणीतरी येईपर्यंत.

चिमी म्हणणारं आता कुणी नाही.

३० मे

आज गेले. धाकटा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. आप्पा खिडकीशी बसले होते, आई स्वयंपाकघरात. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

"आप्पा, पुस्तक गेलं. सगळं. कार्डाचा भोंगा मी बंद केला होता. माझ्यामुळे गेलं."

त्यांनी पाटी ओढली. मला वाटलं रागाचं काही लिहितील, आणि खरं सांगायचं तर लिहावं असं वाटत होतं. त्यांनी लिहिलं, 'तू ऐकलं होतंस?'

मी मान हलवली. नाही.

त्यांनी हाताच्या पंजाने पाटी पुसली, अगदी स्वच्छ, आणि मांडीवर पालथी घातली. त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर चाललं असतं. मी फोन काढला. हा एवढाच तुकडा राहिलाय म्हटलं, आणि लावला.

आप्पा स्वतःचा आवाज ऐकत बसले. वादळ आलं तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले, शब्दाला शब्द. भोंगा वाजल्यावर दचकले आणि खांदे हलवून हसले. कॉटखालच्या चिमीपाशी त्यांनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मी आवाज जरा मोठा केला, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

"तेवढा चहा मिळाला तर बघा आता. चहा टाकतेस का गं?"

"टाकलाय हो," आई आतून म्हणाली. "दोन मिनिटं."

आणि मग आत काहीतरी खाली पडलं. आम्ही दोघं तसेच बसलो. फोनमधले आप्पा गुणगुणत होते. ते थांबले तरी आई बाहेर आली नाही, म्हणून मी उठून आत गेले. ती ओट्याला धरून उभी होती, झाकणी पायाशी पडली होती, आणि गॅसवर खरंच चहा उकळत होता. मी तीन कप काढले.